एसीतला गॅस जातो कुठे?

मार्च संपत आला की एसी मेकॅनिकचा फोन लागता लागत नाही. तो येतो, आउटडोअर युनिटला गेज लावतो, काटा बघतो आणि सांगतो, ‘‘साहेब, गॅस कमी झालाय. टॉप-अप मारावा लागेल.’’ पैसे मोजले जातात, खोली गार होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच संभाषण पुन्हा घडते. गाडीत पेट्रोल भरावे तसा एसीत दर वर्षी गॅस भरायचाच असतो, अशी अनेक घरांत पक्की समजूत आहे.

मुळात हा गॅस संपत नसतो. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि होताना ती आजूबाजूची उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या कॉइलकडे पाठवतो; तिथे उष्णता सोडून तिचा पुन्हा द्रव होतो. यात जळत काही नाही, झिजतही नाही. तेव्हा गॅस खरोखरच कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच : कुठे तरी गळती आहे. कधी फ्लेअर नट नीट आवळलेला नसतो, कधी तांब्याच्या नळीचा जोड कच्चा राहिलेला असतो, तर कधी कॉइलला गंजून बारीक छिद्र पडलेले असते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते.

गळलेला गॅस डोळ्यांना दिसत नाही, पण वातावरणाच्या हिशेबात तो मोठ्या रकमेने जमा होतो. एखादा वायू शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या किती पट उष्णता अडवून ठेवतो, यावरून त्याची तापमानवाढ-क्षमता ठरते. कार्बन डायऑक्साइडचा आकडा १ धरला, तर जुन्या एसींमधल्या आर-२२चा १,८१० येतो आणि त्याच्या जागी आलेल्या आर-४१०एचा २,०८८. म्हणजे एका मशीनमधून एक किलो आर-४१०ए उडून गेला, तर दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळले, तर तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

या वायूंचा इतिहास म्हणजे एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघण्याची मालिका आहे. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. गळती झाली तर जिवावर बेतायचे. अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८च्या सुमारास विषारी नसलेला, पेट न घेणारा क्लोरोफ्लुरोकार्बन वायू शोधला. ‘फ्रीऑन’ या नावाने तो जगभर गेला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवून दिले, की हाच निरुपद्रवी वायू वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे भगदाड ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडले. हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला.

क्लोरोफ्लुरोकार्बन गेले, तशी ओझोनला कमी घातक अशी आर-२२ची पिढी पुढे आली. मग तीही हटवायची ठरली आणि क्लोरीनच नसलेले हायड्रोफ्लुरोकार्बन आले. त्यांनी ओझोनला धक्का लावला नाही, पण पृथ्वी तापवण्यात ते आधीच्यांच्याच पंगतीत बसणारे निघाले. म्हणून त्यांचा वापर घटवण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. ती नीट पाळली गेली, तर या शतकाअखेरपर्यंत अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते, असा अंदाज आहे.

भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये स्वीकारली. मुख्यतः २०२४ ते २०२६ या तीन वर्षांतल्या या वायूंच्या वापरावरून आपली आधाररेषा ठरते. २०२८ पासून त्यावर वाढ करता येणार नाही. २०३२ मध्ये १० टक्के कपात आणि मग टप्प्याटप्प्याने २०४७ पर्यंत ८५ टक्के. दरम्यान देशातल्या एसींची संख्या मात्र वाढतच जाणार आहे. एसी जास्त आणि घातक गॅस कमी, हे गणित गॅस बदलल्याशिवाय सुटणारे नाही.

बदलाची एक दिशा आता दुकानात दिसते. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या घरगुती एसींत आर-३२ असतो. त्याचा आकडा ६७५, म्हणजे आर-४१०एच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. शिवाय तेवढ्याच गारव्यासाठी तो कमी लागतो. तो किंचित ज्वलनशील आहे, त्यामुळे मेकॅनिकला काळजी घ्यावी लागते.

दुसरी दिशा अधिक धाडसी आहे आणि तिचा धागा महाराष्ट्रातून जातो. गोदरेज कंपनीने जर्मन सरकारच्या साहाय्याने सातारा जिल्ह्यातल्या शिरवळ इथल्या कारखान्यात आर-२९० वापरणारे एसी तयार केले आणि २०१२ मध्ये बाजारात आणले. आर-२९० म्हणजे साधा प्रोपेन. त्याचा आकडा अवघा ३, आणि ओझोनला धोका शून्य. अडचण एकच, तो सहज पेटतो. म्हणून एका एसीत तो मोजकाच, काही शे ग्रॅम भरतात आणि किती गॅस असलेले मशीन किती मोठ्या खोलीत बसवायचे, याचे नियम आहेत. पेटणारा गॅस भिंतीवर टांगायचा, या कल्पनेने ग्राहक बिचकतो. पण स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनच असतात, आणि घरातला फ्रिज अलीकडचा असेल, तर त्यात बहुधा आयसोब्युटेन हा त्यांचाच भाऊबंद फिरत असतो. पूर्व जर्मनीतल्या एका जुन्या कारखान्याने ग्रीनपीसच्या पुढाकाराने १९९३ मध्ये असा फ्रिज बाजारात आणला; पुढे जगभरातल्या कंपन्यांनी ती वाट धरली. कोकणातल्या मासळीला बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यांत तर अमोनिया आजही काम करतो. तो विषारी आहे, पण ओझोन आणि हवामान दोन्हींच्या दृष्टीने निर्दोष आणि स्वस्त.

एसीमुळे हवामानावर पडणाऱ्या एकूण भारात विजेचा वाटाही मोठा आहे, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. त्यामुळे फक्त गॅसचे नाव बघून खरेदी करणे अपुरे ठरते. नवा एसी घेताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात. पहिली, मशीनच्या प्लेटवर छापलेले गॅसचे नाव आणि वजन. दुसरी, स्टार लेबलवरचा वर्षाकाठी लागणाऱ्या युनिटांचा आकडा. खोलीच्या मानाने जास्त टनाचे मशीन घेतले, की गॅस आणि वीज दोन्ही जास्त. तापमान २४ अंशांवर ठेवले आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, तरी कॉम्प्रेसरवरचा ताण बराच उतरतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मेकॅनिकला काय विचारायचे, ते माहीत असणे. ‘गॅस कमी आहे’ म्हणाल्यावर पहिला प्रश्न : गळती कुठे आहे? साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन ती शोधता येते. आधी ती बंद करायची, मग पंपाने नळ्या व्हॅक्यूम करायच्या आणि प्लेटवर लिहिलेलाच गॅस, लिहिलेल्याच वजनाने, काट्यावर तोलून भरायचा. आर-२२च्या जुन्या मशीनमध्ये स्वस्तात पडतो म्हणून ज्वलनशील गॅस भरून घेणे घातक आहे. ते यंत्र त्यासाठी बनवलेलेच नसते. घर बदलताना एसी काढायचा असेल, तर आधी ‘पंप डाउन’ करून घ्यावे. म्हणजे सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये कोंडला जातो आणि हवेत सोडावा लागत नाही.

आणि मशीन कायमचे मोडीत काढताना? भंगारवाल्याला रस असतो तांब्यात. तो नळी कापतो आणि उरलेला सगळा गॅस दोन मिनिटांत फुस्स होतो. वर्षानुवर्षे न गळलेल्या मशीनचाही शेवट असा होतो. २०२२च्या ई-कचरा नियमांत एसीचाही समावेश आहे, त्यामुळे जुने युनिट अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे देण्याची वाट खुली आहे. तिथे द्यायच्या आधी गॅस रिकव्हरी मशीनने काढून सिलिंडरमध्ये भरून घेणार का, हे विचारून घ्यावे. नवा एसी घेताना जुना परत देणाऱ्या ग्राहकाने हाच प्रश्न दुकानदाराला विचारायला हरकत नाही.