तारीख नको, तयारी हवी



गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतल्या एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, परीक्षेची फी भरू की नको? मोबाइलवर सांगतात, प्रभू याच वर्षी येणार." मला हसू आलं नाही. त्याची आई चार घरची धुणीभांडी करून ती फी जमवते. शिवाय १९९९च्या डिसेंबरात मीही घाबरून घरात तांदूळ आणि मेणबत्त्या साठवल्या होत्या.

२०२५च्या सप्टेंबरातही असंच झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने २३-२४ तारीख सांगितली, जगभर व्हिडिओ फिरले. २५ तारखेला सूर्य नेहमीसारखा उगवला.

आपल्या हुबळी-धारवाडला ही गोष्ट नवी नाही. बासेल मिशनचे पाद्री १८३७ साली धारवाडला आणि १८३९ साली हुबळीला आले. या मिशनला जर्मनीतल्या वुर्टेंबर्गच्या भाविकांचा मोठा आधार होता. त्याच वुर्टेंबर्गचे बायबलपंडित बेंगेल यांनी प्रकटीकरणाच्या पुस्तकावरून हिशेब मांडून १८३६ साल काढलं होतं. ते साल आलं आणि गेलं.

पाद्री इथे आले तर त्यांना भेटायला कालज्ञानी आले. हा लिंगायतांतला एक पंथ. त्यांच्या ग्रंथांत पुढच्या काळाची भाकितं होती आणि पाद्री सांगतात ते त्यांच्याशी जुळतं, असं त्यांना वाटलं. मोठा समुदाय ख्रिस्ती होणार, अशी आशा निर्माण झाली. गदगजवळ मल्लसमुद्रला त्यासाठी वसाहतही उभारली. पण थोड्याच काळात ती लाट ओसरली.

म्हणून काम थांबलं का? नाही. शाळा चालल्या, बेटगेरीला दवाखाना झाला. याच मिशनच्या किट्टेल पाद्र्यांनी सुमारे ७० हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश रचला, तो १८९४ साली छापला गेला. धारवाडात त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. हिशेब चुकले, पण सेवा वाया गेली नाही.

मग भविष्यवाद टाकून द्यायचा का? मुळीच नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल सांगतो की संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळं पारखून घ्या. त्याच मंडळीतले काही जण कामधंदा सोडून बसले, तेव्हा दुसऱ्या पत्रात त्याने त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. तो दिवस आणि ती घटका फक्त पित्याला ठाऊक, हे तर प्रभूनेच सांगितलंय (मत्तय २४:३६).

पौलाने पुनरागमनाची गोष्ट काढली ती मेलेल्यांसाठी रडणाऱ्यांना धीर द्यायला. माझी पत्नी कबरस्तानात विसावली आहे. तिथे फुलं ठेवताना मला तारीख लागत नाही. तो येणार आणि आम्ही पुन्हा भेटणार, एवढं पुरतं. भविष्यवादाचं मोल मला तिथे कळतं. तो कॅलेंडर देत नाही, आजचा दिवस जगायला बळ देतो.

त्या मुलाला मी म्हटलं, "फी भर, बाळा. प्रभू उद्या आलाच, तर तू त्याला अभ्यास करताना सापडावास."

सोमवारी त्याने फी भरली. आता त्याच्यासाठी प्रार्थना करा. गणित जरा कच्चं आहे.

आपला,
मंडळीतला एक वडीलधारा, हुबळी