श्वास मोजणारा पेसमेकर

गोंडपिपरीच्या बाजूला मे महिन्यात तेंदूपत्त्याचे ओझे डोक्यावर घेऊन जंगलातून गावाकडे येणारी बाई पाहा. तिचा श्वास वाढलेला असतो आणि त्याबरोबर तिचे हृदयही जलद चालत असते. कामाला लागलेल्या स्नायूंना प्राणवायू जास्त हवा असतो. तो आत घेण्याचे काम फुप्फुसांचे, अंगभर पोचवण्याचे काम हृदयाचे. ही दोघे बैलजोडीसारखी. एकाने पाऊल उचलले की दुसऱ्याला उचलावेच लागते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानशी गाठ असते. तीच हृदयाचा ताल धरते. ती मंदावली, की पेसमेकर बसवावा लागतो. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात असे यंत्र प्रथमच बसवण्यात आले. पुढे अनेक यंत्रे बदलत ते २००१ पर्यंत जगले. पण सुरुवातीची यंत्रे एकाच चालीची होती. माणूस झोपलेला असो की चढ चढत असो, ठोके तेवढेच!

मग यंत्राला श्रम कळावेत कसे? एक युक्ती श्वासाची. छातीच्या कातडीखाली यंत्राची डबी असते आणि तिची तार हृदयात गेलेली असते. या दोहोंमध्ये यंत्र विजेच्या अतिसूक्ष्म लहरी सोडते. त्यांनी हृदयाचा ठोका पडत नाही. हवेतून वीज सहज जात नाही. म्हणून श्वास घेतला की विजेला होणारा विरोध वाढतो, सोडला की घटतो. हे चढउतार किती वेळा आणि किती मोठे, यावरून यंत्र मिनिटाच्या हवेचा अंदाज बांधते. स्वस्थ माणूस मिनिटाला १५ श्वास घेतो आणि प्रत्येकात अर्धा लिटर हवा घेतो असे धरले, तर ती ७.५ लिटर झाली. हा आकडा नेहमीपेक्षा वाढला, की यंत्र डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत ठोके वाढवते.

काही यंत्रे अंगाच्या हालचालीवरून श्रम ओळखतात. ती पहिल्या पावलालाच जागी होतात. पण चढावर श्रम वाढले, तरी हालचाल त्या मानाने वाढत नाही. श्वास तो चढ ओळखतो, मात्र जरा उशिरा. म्हणून कित्येक यंत्रांत दोन्ही सोयी असतात. खोकल्याने किंवा हात जोरात हलवल्याने श्वासाचे मोजमाप फसूही शकते.

गुरुजींनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. मुलांना बसल्या जागी नाडी व श्वास मोजू द्यावेत, मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजू द्यावेत. दोन्ही आकडे बरोबरच वाढलेले दिसतील.

घरात कुणाला पेसमेकर असेल आणि रोवणीच्या वेळी दम लागत असेल, तर ‘यंत्र आहे, आता काय व्हायचं!’ म्हणून गप्प बसू नका. दम लागण्याची कारणे निरनिराळी असतात. ती डॉक्टरांनाच तपासू द्या. ठोक्यांची मांडणी चुकत असेल, तर ती शस्त्रक्रियेवाचून बाहेरूनच बदलता येते. आणि दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर पेसमेकरचे कार्ड आधी दाखवा. भूल दिल्यावर यंत्राने दिलेला श्वास पेसमेकरला श्रमाचा वाटू शकतो आणि ठोके विनाकारण वाढतात. ते कार्ड पेटीत जपून ठेवण्यापेक्षा खिशात असलेलं बरं.