पडद्यापलीकडील परीक्षा

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ग्रंथ किती वाचले, हे लेखी उत्तरांवरून समजते. परंतु रोग्याशी बोलणे व त्याला तपासणे त्याला कितपत साधते, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून कौशल्याची परीक्षा निराळी घ्यावी लागते.

पूर्वी या परीक्षेत एकाच्या वाट्यास सोपा रोगी येई, तर दुसऱ्याच्या वाट्यास अवघड. त्यामुळे निकालात दैवाचा भाग मोठा असे. हा दोष घालविण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली नवी पद्धत मांडली. तीत अनेक स्थानके असतात. प्रत्येक स्थानकावर ठरलेल्या वेळात एक काम करावयाचे आणि घंटा होताच पुढे जावयाचे. परीक्षक यादीप्रमाणे एकेक कृती पाहून गुण देतो. सर्वांची कसोटी सारखीच. रोग्याच्या जागी पुष्कळदा त्याची भूमिका शिकविलेली व्यक्ती असते.

२०२० साली कोरोनाच्या साथीमुळे विद्यार्थ्यांना रुग्णालयात एकत्र आणणे धोक्याचे ठरले. तेव्हा अनेक विद्यालयांनी हीच स्थानके संगणकाच्या पडद्यावर मांडली. विद्यार्थी, रोगी व परीक्षक आपापल्या घरी असत. रोग्याची हकीकत विचारणे, निदानाचा तर्क करणे, उपचार समजावून सांगणे, ही कामे अशा रीतीने चांगली पारखता येतात.

स्पर्शाचे काय? यकृत तपासताना रोग्यास दीर्घ श्वास घेण्यास सांगतात. श्वासाबरोबर यकृत खाली सरकते आणि ते वाढलेले असल्यास त्याची कड बोटांना लागते. दूरच्या परीक्षेत विद्यार्थी ही रीत तोंडाने बिनचूक सांगू शकेल. पण त्याच्या बोटांना ती कड ओळखता येते काय, हे परीक्षकाला दिसत नाही. ती न ओळखणाऱ्यास उत्तीर्ण केले, तर त्या चुकीचे फळ उद्या रोग्याला भोगावे लागेल.

तथापि पडद्यावरून रोग्याशी बोलणे हेही आता वैद्याचे काम झाले आहे. भारत सरकारने मार्च २०२० मध्ये दूरस्थ वैद्यकसेवेचे नियम प्रसिद्ध केले. तेव्हा संवाद व विचार यांची परीक्षा दुरून घेण्यास हरकत नाही. हाताच्या कौशल्याची परीक्षा मात्र रोग्याच्या खाटेजवळच घेतली पाहिजे.