भाषा बदलली, प्रश्न तोच

मागच्या वेळी आपण वैशेषिकांचे 'सामान्य' आणि 'विशेष' हे पदार्थ पाहिले. व्याख्यानानंतर आमचा एक जुना विद्यार्थी थांबला. वीस वर्षं सी भाषेत प्रोग्रॅम लिहितोय, घराचे हप्ते चालू आहेत. म्हणाला, "सर, जाहिरातींत आता रस्ट मागतात. माझं शिकलेलं वाया गेलं का?" आज त्याचाच प्रश्न घेऊ.

एकच उदाहरण पाहू, मेमरीचं. प्रोग्रॅम चालताना मेमरीत जागा घेतो. काम झालं की ती सोडायची असते. पण कोणी सोडायची, आणि कधी? १९७२ च्या सुमारास आलेली सी म्हणते, प्रोग्रॅमरनेच. तो विसरला तर जागा अडून राहते. घाईने सोडली आणि पुन्हा तिथेच वाचायला गेला, तर भलतंच काही हाती लागतं. १९९५ ची जावा म्हणते, प्रोग्रॅम चालू असतानाच झाडलोट मी करीन. ही कल्पना तिचीही नव्हे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पसाठी ती १९६० च्या सुमारासच मांडली होती. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ ची. तिचा नियम असा, की प्रत्येक मूल्याला एका वेळी एकच मालक. मालकाची हद्द संपली की जागा सुटते. नियम मोडला तर कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊच देत नाही.

म्हणजे उत्तरं तीन झाली, प्रश्न मात्र एकच राहिला. ढोबळपणे बोलायचं, तर प्रश्न हे सामान्य आणि भाषा हे विशेष. सी लिहिणाऱ्याने जी शिस्त वीस वर्षं डोक्यात सांभाळली, तीच आता कंपायलर सांभाळतो. ती शिस्त कशासाठी, हे त्याला आधीच ठाऊक आहे.

आता कुणी विचारेल, एवढ्याने नोकरी मिळते का? नाही मिळत. जाहिरातीत भाषेचंच नाव असतं, आणि मुलाखतीत कोड लिहून दाखवावा लागतो. नुसत्या सामान्यावर पोट भरत नाही. म्हणून आम्ही त्याला सांगितलं, स्वतःचाच एखादा जुना, लहान प्रोग्रॅम घे आणि नव्या भाषेत लिही. ओळीला ओळ लावू नकोस. कंपायलर अडवील तिथे थांब आणि विचार, ही माझी कोणती जुनी चूक पकडतोय? त्याचं उत्तर वहीत टिपून ठेव. मुलाखतीत तीच वही उपयोगी पडेल.

आपल्यापैकी जे या धंद्यात आहेत, त्यांनीही करून पाहावं. अडलं तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.