प्रत्यारोपणानंतरचे जुलाब आणि सोनोग्राफी

उल्हासनगरात ‘थॅलेसेमिया’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फाळणीनंतर येथे वसलेल्या सिंधी समाजात या आजाराचे वाहक तुलनेने अधिक आहेत. आपल्या नातवंडाचे, किंवा रक्ताच्या कर्करोगामुळे घरातील कुणाचे, मूलपेशी प्रत्यारोपण झाले असेल, तर हा मजकूर आपल्यासाठीच आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ही उपचारपद्धती १९८३ साली सुरू झाली. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्येही आज तिचा विभाग आहे.

रुग्ण घरी येतो, आणि एके दिवशी जुलाब सुरू होतात. आजी मेतकूट-भात पुढे करते, कुणी इसबगोल आणते. येथेच थांबावे. पांढऱ्या पेशी कमी असताना मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या भागात, गंभीर दाह होऊ शकतो. दुसरे कारण असे, की दात्याच्या पेशी रुग्णाच्या आतड्यालाच परके मानून त्यावर हल्ला करतात. हा धोका पहिल्या शंभर दिवसांत विशेष असतो; नंतरही तो संपत नाही.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गर्भवती आठवते आणि केंद्राच्या दारावरची लिंगनिदानबंदीची पाटी. पण त्याच यंत्राने आतड्याच्या भिंतीची जाडीही मोजता येते. निरोगी भिंत दोन-तीन मिलिमीटरची असते. ती चारच्या पुढे गेली की डॉक्टर सावध होतात. भिंतीतील रक्तप्रवाह वाढला आहे का, हेही दिसते. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. तपासणी खाटेजवळ करता येते आणि उपचाराचा गुण येतो का, हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा करता येते. प्लेटलेट कमी असताना दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढणे जोखमीचे असते, म्हणून तिचे मोल अधिक. मात्र भिंत का जाडावली, हे ती खात्रीने सांगत नाही. जंतुसंसर्ग की दात्याच्या पेशी, हे ठरवण्यास पुष्कळदा तो तुकडा लागतोच. पोटात वायू असला तर चित्रही धूसर येते.

तेव्हा शौचाचे माप ठेवा. ‘चार वेळा झाले’ यापेक्षा ‘सहाशे मिलिलिटर झाले’ हे डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते. मोठ्या माणसात दिवसाला पाचशेच्या पुढचे जुलाब ते गांभीर्याने घेतात. रक्त पडले, ताप आला किंवा पोट फुगले, तर माप घेत बसू नका. प्रत्यारोपण विभागाला लगेच दूरध्वनी करा. जुलाब थांबवण्याची गोळी त्यांना विचारल्याविना देऊ नका. त्यांनी सांगितले तरच अंबरनाथ-बदलापुरात जवळच्या केंद्रात सोनोग्राफी करा, आणि जुने अहवाल सोबत न्या. खारघरला लोकलने जायचे तर ठाण्यास गाडी बदलावी लागते; तापलेल्या रुग्णाला त्या गर्दीतून नेऊ नये. वाहनाची सोय आधीच बोलून ठेवा.