सर्व्हर, घरगुती

संकेतस्थळाची पृष्ठे साठवून मागणी येताच ती इंटरनेटवरून पाठविणारा, स्थळाच्या मालकाने स्वतःच्या घरी अहोरात्र चालू ठेवलेला संगणक. व्यापारी संस्थेच्या डेटा सेंटरमधील संगणकावर भाड्याने जागा घेऊनही हेच कार्य साधता येते. त्या सेवेस ‘होस्टिंग’ म्हणतात. तत्त्वतः दोहोंत भेद नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर १९९० मध्ये सेर्न या संस्थेतील आपल्या कामाच्या संगणकावरच चालविला व तो कोणी बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटविली.

अहोरात्र चालू राहण्याची ही अट घरी महाग पडते. अडगळीतला जुना संगणक फुकट मिळाला असे वाटते. परंतु सतत ६० वॉट घेणारा संगणक वर्षाला सु. ५२५ युनिट वीज वापरतो, तर ५ वॉटचा लहान संगणक केवळ सु. ४४ युनिट.

खरी अडचण मात्र पत्त्याची असते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सु. ४२९ कोटीच होतात. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतात. अशा घरातून बाहेरची स्थळे पाहता येतात. तथापि बाहेरून आलेली मागणी त्यांपैकी कोणत्या घरी न्यावी, हे ठरविता येत नाही. सर्व्हर उत्तम चालू असूनही जगाला तो अदृश्य राहतो. स्वतंत्र स्थिर पत्ता विकत घेणे किंवा १२८ बिटी सहाव्या आवृत्तीचा पत्ता वापरणे, हे त्यावरील उपाय होत. बाहेरच्या सर्व्हरमार्फत वाट काढणे हाही एक उपाय आहे. पण तो सर्व्हर बहुधा भाड्याचाच असतो. शिवाय उघड्या पत्त्यावर स्वयंचलित घुसखोरीचे प्रयत्न सतत होत असल्याने हा संगणक घरातील इतर उपकरणांपासून अलग ठेवावा लागतो.

भाड्याच्या जागेत वीज, जोडणी व देखरेख यांची काळजी दुसरा वाहतो, म्हणून ती निर्धोक मानली जाते. हा समज अपुरा आहे. १९९४ मध्ये सुरू झालेली जिओसिटीज ही विनामूल्य सेवा २००९ मध्ये (जपानखेरीज) बंद होताच असंख्य हौशी लेखकांची पृष्ठे मूळ जागेवरून नाहीशी झाली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळाले. ज्यांच्या राखीव प्रती त्याच आवारात होत्या, अशा ग्राहकांची माहिती कायमची गेली. यामुळे जागा भाड्याची असली, तरी मूळ मजकुराची प्रत घरी ठेवतात.