मीटरशिवाय प्रकाश मोजताना

मीटर बंद पडलाय म्हणून जुना कॅमेरा कपाटात टाकू नका. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याजवळचा ठेवायचा. कोडॅकची ट्राय-एक्स ४०० असेल तर १/५००. ढगाळ हवेत एफ ८, मोकळ्या सावलीत एफ ४. निगेटिव्हला थोडा जादा प्रकाश सहज पचतो. कमी पडला, तर सावलीतला तपशील फिल्मवर उमटतच नाही. मग डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवा. शंका आली की एक स्टॉप जास्तच द्यावा. स्लाइड फिल्मचं मात्र उलटं: जादा प्रकाशात पांढरा भाग कायमचा कोरा होतो. नवशिक्यांनी कृष्णधवल निगेटिव्हनेच सुरुवात करावी. इलफर्डची एचपी५ प्लस १६०० आयएसओ धरून वापरली आणि डेव्हलपिंगचा वेळ वाढवला, तरी छान निभावते. दाणा ठसठशीत होतो, पण तोही देखणाच.